जपानमध्ये बाहेर जेवताना: ॲलर्जी, शाकाहार आणि फोडणीच्या वरणाची आठवण

जपानला नव्याने निघालेला माणूस जेवणाबद्दल एकच प्रश्न विचारतो: "तिथे आपल्याला खायला मिळेल ना?" खरं तर त्यात तीन प्रश्न दडलेले असतात. ज्या पदार्थाने अंगावर गांधी उठतात किंवा घसा आवळतो, तो नकळत ताटात येणार नाही ना? जे आपण खात नाही, मग ते मांस असो, मासे असोत की कांदा-लसूण, ते टाळता येईल ना? आणि दोन-तीन आठवड्यांनी वरण-भातासाठी जीव कासावीस झाला, तर जायचं कुठे?

तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या जागी सापडतात. ॲलर्जीचं उत्तर बहुतेक वेळा दुकानातल्या बंद पाकिटावर छापलेलं असतं. शाकाहाराचं उत्तर निवडक हॉटेलांत मिळतं. घरच्या चवीसाठी तर बऱ्याचदा नेपाळी माणसाच्या दारात जावं लागतं. नवा माणूस पहिल्याच दिवशी गल्लीतल्या छोट्या रामेनच्या, म्हणजे रस्श्यातल्या नूडल्सच्या, दुकानात शिरून या तिन्हींची उत्तरं एकदम मागतो. तिथे काम करणारा एकटा माणूस घामाघूम होतो आणि कुणाचंच भलं होत नाही.

पायरी १: निघण्याआधी चिठ्ठी तयार करा

ॲलर्जी नक्की कशाची आहे ते डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्या. "सीफूड" हा शब्द जपानमध्ये कुचकामी आहे, कारण तिथे कोळंबी, खेकडा, माकुल, शिंपले आणि मासे या वेगवेगळ्या गोष्टी मानल्या जातात. "नट्स" म्हणूनही भागत नाही. शेंगदाणा वेगळा, अक्रोड वेगळा, काजू वेगळा.

मग एक चिठ्ठी जपानी लिपीत लिहून घ्या. पुण्यात जपानी शिकणारे आणि शिकवणारे इतके आहेत की ओळखीत कुणीतरी निघेलच. फोनवरच्या भाषांतरावर पूर्ण विसंबू नका. निदान जाणकाराकडून एकदा तपासून घ्या. चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: कशाची ॲलर्जी आहे, किती तीव्र आहे, त्या पदार्थाचा अर्क किंवा रस्सा चालतो का, आणि त्याच तेलात तळलेलं किंवा त्याच पाण्यात उकडलेलं चालतं का. शेवटचे दोन मुद्दे लोक गाळतात, आणि स्वयंपाकघरातून माणूस बाहेर येऊन विचारतो तो नेमकं तेच. कागदावरही दोन प्रती ठेवा. फोनची बॅटरी नेमकी जेवणाच्या वेळी उतरते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो, काहींना ती आवडणार नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर "मला माशांची ॲलर्जी आहे" अशी थाप मारू नका. आपल्याकडचे बरेच लोक ही युक्ती एकमेकांना शिकवतात. ॲलर्जी हा शब्द ऐकला की जपानी स्वयंपाकघर तो शब्दशः घेतं: वेगळी भांडी काढतात, व्यवस्थापकाला बोलावतात, किंवा जबाबदारी नको म्हणून तुम्हाला हात जोडून परत पाठवतात. आणि "ॲलर्जी" असलेला माणूस नंतर मजेत मिसो सूप, ज्यात बहुधा माशाचाच रस्सा असतो, पिताना दिसला, तर खरी ॲलर्जी असलेल्या पुढच्या भारतीयाचं म्हणणं त्या दुकानात कोण गांभीर्याने घेईल? खात नाही, एवढंच सांगा. पुरतं.

पायरी २: पाकीट वाचायला शिका

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळू.

जपानच्या कायद्याने डबाबंद, पाकीटबंद खाद्यपदार्थांवर काही ठरावीक ॲलर्जीकारक घटक छापणं सक्तीचं आहे. अंडं, दूध, गहू, सोबा म्हणजे बकव्हीट, शेंगदाणा, कोळंबी आणि खेकडा हे सात बरीच वर्षं यादीत होते. २०२३ मध्ये अक्रोडाची भर पडून आठ झाले. दुसरी यादी आहे ती केवळ शिफारशीची: सोयाबीन, तीळ, बदाम, साल्मन, साबा म्हणजे मॅकरेल, माकुल, गोमांस, डुकराचं मांस, चिकन, जिलेटिन, केळं, सफरचंद, पीच, किवी वगैरे वीसेक नावं. ही छापली तर उत्तम, पण नाही छापली तरी कायदा मोडत नाही. याद्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे प्रवासाआधी ताजी यादी पाहून घ्या.

हॉटेलांना मात्र ही सक्ती नाही. ताटात वाढलेल्या जेवणात काय आहे हे सांगणं हॉटेलवाल्याच्या मर्जीवर आणि माहितीवर अवलंबून असतं. नवख्याला हे उलटं वाटतं. आपल्याला सवय असते की ताजं, समोर बनवलेलं जेवण भरवशाचं आणि पाकिटातलं संशयास्पद. पचनाच्या दृष्टीने ते खरं असेलही, पण ॲलर्जीच्या बाबतीत जपानमध्ये पाकीट जास्त बोलकं आहे.

पाकिटाच्या मागे घटकांची लांबलचक यादी असते. तिच्या शेवटी बहुतेक वेळा एक कंस असतो, "इचिबु नि" पासून सुरू होऊन "ओ फुकुमु" वर संपणारा. अर्थ असा की या पदार्थात अमुक-अमुक घटक आहेत. घाईच्या वेळी आधी तो कंस वाचा. काही पाकिटांवर तो कंस नसतो आणि प्रत्येक घटकाच्या पुढेच ॲलर्जीची नोंद असते, तेव्हा सगळी यादी वाचावी लागते. तुमच्या घटकाचं चित्राक्षर आधीच घोटून ठेवा. अंड्याला तामागो, गव्हाला कोमुगी, शेंगदाण्याला राक्कासेइ, कोळंबीला एबि, खेकड्याला कानि, अक्रोडाला कुरुमि. एवढ्या शब्दांसाठी जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही.

दुधाच्या चित्राक्षराने मात्र गोंधळ होतो. ते अक्षर तोन्यु म्हणजे सोया दुधातही असतं, न्युकाझाइ म्हणजे इमल्सिफायरमध्येही असतं आणि न्युसान म्हणजे लॅक्टिक ॲसिडमध्येही असतं. यांत दूध असतंच असं नाही. फोनचा कॅमेरा धरला की तो बिनदिक्कत सगळीकडे "दूध" दाखवतो. दुधाची ॲलर्जी असलेल्याने शेवटच्या कंसात दुधाचा उल्लेख आहे का ते पाहावं.

आणखी एक बारकावा. आपल्याकडच्या आयात चॉकलेटांवर "यात शेंगदाण्याचे अंश असू शकतात" असं लिहिलेलं असतं, तसं मोघम लिहायला जपानमध्ये मनाई आहे. त्याऐवजी "याच कारखान्यात अंडं आणि गहू वापरलेले पदार्थ तयार होतात" अशी सूचना घटकांच्या यादीबाहेर येते. ती ऐच्छिक असते. म्हणजे सूचना नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही.

यादीत कधीच न सापडणाऱ्या गोष्टीही आहेत. मासे हा सरसकट प्रकार दोन्ही याद्यांत नाही, काही ठरावीक मासे तेवढे आहेत. बोनिटो म्हणजे कात्सुओ त्यात नाही. मोहरी नाही, हरभरा नाही. मोहरी तर "कोशिनर्‍यो", म्हणजे मसाले, या एका शब्दाच्या पोटात जाऊ शकते. यांची ॲलर्जी असेल तर कंस पुरणार नाही. पूर्ण यादी वाचा आणि शंका असेल तर ते पाकीट परत ठेवा.

ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. यादीत गहू आहे, जव नाही. कंसात गहू नाही म्हणून खुश होऊन मुगिचा प्याल, तर तो भाजलेल्या जवाचा चहा असतो, आणि उन्हाळ्यात हॉटेलात पाण्याऐवजी तोच पुढे येतो. तांदळाच्या पिठाचा पाव म्हणून विकल्या जाणाऱ्या पावात बऱ्याचदा वरून गव्हाचं ग्लुटेन घातलेलं असतं. शोयु म्हणजे सोया सॉस हा नेहमीचा असेल तर त्यात गहू असतोच. तामारी प्रकारात बहुधा नसतो, पण बाटली वाचायची.

पायरी ३: पहिले दोन दिवस कोंबिनी आणि स्टेशनवर काढा

सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट आणि लॉसन ही कोपऱ्या-कोपऱ्यावरची दुकानं, म्हणजे कोंबिनी, नवख्या माणसाची शाळा आहेत. ओनिगिरी (भाताचे त्रिकोणी गोळे), सँडविच, डब्यातली सलाडं, सगळं पाकीटबंद, म्हणून सगळ्यावर यादी. रेल्वे प्रवासातला एकिबेन, म्हणजे स्टेशनवर मिळणारा जेवणाचा डबा, तोही पाकीटबंद असल्याने यादीसह येतो. तीव्र ॲलर्जी असेल तर शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, एकिबेन वाचून खाणं हे स्टेशनबाहेरच्या अनोळखी हॉटेलपेक्षा केव्हाही बरं.

मात्र कोंबिनीत गल्ल्याशेजारच्या गरम कपाटातलं तळण, थंडीतला ओदेन (रस्श्यात शिजवत ठेवलेले तुकडे), आणि मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, ज्याला देपाचिका म्हणतात, तिथे काचेमागून वजनावर मिळणारे पदार्थ, यांना पाकीट नाही. म्हणून यादीही सक्तीची नाही. विचारलं तर बरेच ठिकाणी फाइल काढून दाखवतात. विचारा.

शाकाहाऱ्यांना ओनिगिरीत उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, कोंबु म्हणजे समुद्री शेवाळाची, आणि नुसती मिठाची असे प्रकार दिसतील. तेही वाचूनच घ्या, कारण उमेबोशीत चवीसाठी कात्सुओचा अर्क घातलेला असू शकतो. बटाट्याच्या सलाडमध्ये हॅम असतं, करी-पावात बहुधा मांस असतं, आणि काही दह्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. हे सगळं पाकिटावर लिहिलेलं सापडतं, एवढीच त्यातली चांगली बाजू.

पायरी ४: ताटातल्या न दिसणाऱ्या गोष्टी ओळखा

दुकानाच्या काचेत ठेवलेले प्लास्टिकचे नमुने फार हुबेहूब असतात. त्यावरून कोळंबी आहे की नाही ते कळतं. जे कळत नाही त्याचं नाव दाशी.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पायाभूत रस्सा. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेला बोनिटो मासा, आणि कोंबु यांचा असतो, काही ठिकाणी निबोशी म्हणजे सुक्या बारक्या माशांचा. मिसो सूपमध्ये दाशी, उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सच्या, रस्श्यात दाशी, शिजवलेल्या भोपळ्यात दाशी, तेम्पुरा म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भज्यांबरोबर येणाऱ्या बुडवायच्या पाण्यात दाशी, नाट्टो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबरच्या छोट्या पुडीतही दाशी. वाढणाऱ्या बाईंच्या लेखी भोपळ्याची भाजी ही भाजीच असते. त्या खोटं बोलत नसतात, रस्सा त्यांच्या हिशेबात मांसाहारात मोडतच नाही. म्हणून "शाकाहारी आहे का?" असं विचारू नका. "यात दाशी आहे का, ती माशाची आहे का?" असं विचारा. चालवून घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. जपानमध्ये वर्षानुवर्षं राहणारे कितीतरी भारतीय शाकाहारी दाशीला मुभा देतात, काही देत नाहीत. पण ते ठरवून करा. नंतर कळून मळमळणं वाईट.

सोबाची ॲलर्जी महाराष्ट्रातल्या माणसाला आहे की नाही हे त्यालाच ठाऊक नसतं. उत्तरेत उपासाला चालणारं कुट्टू ते हेच, पण आपल्याकडे ते फारसं खाल्लं जात नाही. ही ॲलर्जी तीव्र असू शकते. पूर्वी कधी खाल्लं नसेल आणि इतर ॲलर्जी असतील, तर पहिल्या वेळी एकट्याने वाटीभर सोबा, म्हणजे त्याच्या पिठाच्या नूडल्स, ओरपू नका. ॲलर्जी आहे हे माहीत असेल, तर सोबाच्या दुकानात उदोन मागवूनही उपयोग नाही, कारण अनेक ठिकाणी दोन्ही एकाच उकळत्या पाण्यातून निघतात. र्‍योकानमध्ये म्हणजे पारंपरिक उतारागृहात उशीसुद्धा सोबाच्या टरफलांनी भरलेली असू शकते. खोली आरक्षित करतानाच उशी बदलून मागा.

शेंगदाणा जपानी जेवणात कमी असतो, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले लोक निर्धास्त होतात. ओकिनावाला गेलात की मात्र जिमामी-तोफु समोर येतं. नाव तोफू, दिसायला तोफू, आणि बनतं शेंगदाण्यापासून. मुख्य भूमीवर तिळाचं गोमा-तोफु असतं, ते तिळाच्या ॲलर्जीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

ओकोनोमियाकी म्हणजे कोबीचं जाडसर धिरडं, म्हणून आपल्या लोकांना ते फार जवळचं वाटतं. त्याच्या पिठात गहू, अंडं, बऱ्याचदा दाशी आणि यामाइमो हा चिकट कंद असतो, वर कात्सुओबुशीचे थरथरणारे पापुद्रे. मांस काढून मागितलंत तरी उरलेलं सगळं तसंच राहतं. तेम्पुरात भाज्यांचाच मागवला तरी कढई एकच. आणि ज्यांना फ्रेंच फ्राइज हा जगभरचा सुरक्षित पदार्थ वाटतो त्यांच्यासाठी: जपानमधल्या मॅकडॉनल्ड्सच्या तळणीत पाम तेलाबरोबर गाईची चरबीही असते.

पायरी ५: बसायचं कुठे

ॲलर्जी असेल तर पहिली पसंती मोठ्या साखळ्यांना द्या. चवीचे शौकीन नाक मुरडतील, मुरडू द्या. गुस्तो, रॉयल होस्ट, साइझेरिया यांसारखी कौटुंबिक हॉटेलं, मॉस बर्गर, आणि पट्ट्यावरच्या सुशीच्या साखळ्या पदार्थवार ॲलर्जीचे तक्ते संकेतस्थळावर ठेवतात. निघण्याआधी घरी बसून तक्ता पाहा आणि दोन पदार्थ ठरवून जा. तक्त्यात घटक सापडतात, पण स्वयंपाकघर एकच असतं, ही गोष्ट त्या तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली असते. तेवढ्यानेही त्रास होणाऱ्यांनी पाकिटाकडेच परतावं. मुलं बरोबर असतील तर तोक्यो डिस्नेमध्ये कमी ॲलर्जीकारक घटकांचं वेगळं जेवण मिळतं.

रामेनच्या दुकानात दाराशी तिकिटाचं यंत्र असतं. पैसे घाला, बटण दाबा, तिकीट द्या. तिथे फेरफाराला वाव जवळपास नसतो, कारण हाडांचा, कोंबडीचा किंवा सुक्या माशांचा रस्सा सकाळपासून उकळत असतो. शाकाहाऱ्यांनी तोक्यो स्टेशनच्या फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीटवरच्या टीज तानतानला जावं. तिथलं रामेन पूर्ण वनस्पतीजन्य असतं, मात्र तीळ भरपूर. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत शाकाहारी करी मिळते. नेहमीच्या करीचा मूळ रस्सा मात्र डुकराच्या मांसाचा असतो, म्हणून मेनूवरची भाजीची करी आणि शाकाहारी करी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इझाकाया म्हणजे दारू आणि छोट्या पदार्थांची जागा. बसल्या-बसल्या एक वाटी न मागता येते, तिला ओतोशी म्हणतात, आणि तिचे पैसे बिलात लागतात. तिच्यात काय आहे ते विचारून मगच खायला घ्या. ऑफिसातले लोक घेऊन जाणार असतील, तर जो जागा आरक्षित करतोय त्याला आधीच सांगा. जपानी सहकारी हे फार मनापासून करतात. ऐनवेळी सांगितलंत तर ते दुप्पट ओशाळतात.

र्‍योकानचं रात्रीचं जेवण ठरलेलं असतं, बारा-पंधरा छोट्या वाट्या, सगळी खरेदी आधी झालेली. तिथे आरक्षण करतानाच लिहा आणि उत्तर येईपर्यंत खात्री धरू नका. संध्याकाळी दारात उभं राहून सांगण्यात अर्थ नाही.

शाकाहाऱ्यांसाठी, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी तर खासच, शोजिन र्‍योरी म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण. मांस-मासे नाहीत, दाशी कोंबु आणि शिताके अळंब्यांची, आणि परंपरेने कांदा-लसणाच्या कुळातलं काही नाही. कोयासान या डोंगरावरच्या मठांत मुक्कामाला राहून ते खाता येतं, क्योतोत तेनर्‍यु-जी मंदिराच्या आवारात शिगेत्सु आहे. कंदमुळं मात्र यात असतात, जैन मंडळींनी तेवढं लक्षात घ्यावं. हे जेवण मला जपानमधलं सगळ्यांत सुंदर जेवण वाटतं. तिखटाची अपेक्षा घेऊन गेलात तर मात्र पैसे वाया.

पायरी ६: बोलायचं काय

एवढी वाक्यं पुरतात:

- "एबि नो आरेरुगी गा आरिमासु." मला कोळंबीची ॲलर्जी आहे.
- "कोरे नि तामागो वा हाइत्ते इमासु का?" यात अंडं आहे का?
- "आरेरुगी ह्यो वा आरिमासु का?" ॲलर्जीचा तक्ता आहे का?
- "ओनाजी आबुरा देसु का?" तेल तेच आहे का?
- "निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देसु." मांसही खात नाही, मासेही नाही. माशाची दाशीही चालत नाही.

गर्दीच्या वेळी, म्हणजे दुपारी बारा ते एक, हे प्रश्न विचारू नका. दीड वाजता गेलात तर तोच माणूस आत जाऊन बाटलीमागची यादी वाचून येतो. "मुझुकाशी देसु", कठीण आहे, असं म्हणत मान तिरकी केली तर तो नकार समजा आणि आभार मानून निघा. आग्रह धरून मिळालेलं जेवण ॲलर्जीवाल्याच्या कामाचं नाही. आणि दोन लोकांनी वेगवेगळं सांगितलं, तर जास्त घाबरवणारं उत्तर खरं धरा.

पायरी ७: औषधं आणि ११९

तीव्र ॲलर्जीत स्वतःच टोचून घ्यायचं ॲड्रेनलिनचं पेन लागत असेल तर त्याची सोय निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून करा. जपानमध्येही ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. स्वतःच्या वापराची चिठ्ठीची औषधं एका महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी आयातीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह, आणि हातातल्या सामानात.

रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९. तो अग्निशमनाचाही आहे, म्हणून पहिलं वाक्य "क्युक्यु देसु", म्हणजे रुग्णवाहिका हवी आहे. मग "आनाफिराकिशी" (ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका) हा शब्द आणि जागा. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत, इस्पितळाचे लागतात, तेव्हा प्रवास विमा काढाच. आजूबाजूच्या कुणाच्याही हातात फोन दिलात तरी लोक पत्ता सांगतील.

पायरी ८: आणि आता फोडणी

इथून पुढचा भाग गोड आहे.

जपानी करी-राइसने भारतीय भूक भागत नाही, हे एकदा मान्य करून टाका. तो पदार्थ मेइजी काळात (१८६८ ते १९१२) इंग्रजांमार्फत जपानला पोहोचला. गव्हाच्या पिठाने दाट केलेला, गोडसर, आणि त्याच्या तयार वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी. तोक्योत शिनजुकूच्या नाकामुराया या दुकानाने १९२७ मध्ये रासबिहारी बोस यांच्यामुळे भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली, आणि ए. एम. नायर यांनी १९४९ मध्ये गिंझात नायर्स रेस्टॉरंट काढलं. क्रांतिकारकांच्या हातून आलेली ही चव इतिहास म्हणून एकदा जरूर खावी.

रोजच्या भुकेसाठी मात्र गल्लोगल्लीची "इंडियन" हॉटेलं दिसतील: दारात तिरंगा, आत ताटाबाहेर लोंबणारा नान, बटर चिकन, चीज नान. यांतली बरीच हॉटेलं नेपाळी मंडळी चालवतात. नान गोडसर असतो, त्यात अंडं-दूध असू शकतं. गुळगुळीत रस्श्यांत काजूची पेस्ट असते आणि सामोसा चिकन पकोड्याच्या कढईत पडतो. आपल्या हॉटेलात आलो म्हणून ॲलर्जीची चिठ्ठी खिशात ठेवण्याची चूक फार लोक करतात. इथे तर हिंदीत विचारता येतं, मग सविस्तर विचारा. आणि नान सोडून दालभात मागा. मेनूवर नसला तरी बरेचदा स्वयंपाकघरात स्वतःसाठी केलेला असतो. डाळ, भात, एखादी पालेभाजी, लोणचं: वरण-भाताच्या इतकं जवळचं जपानमध्ये दुसरं काही मिळणार नाही. तोक्योच्या शिन-ओकुबो भागात तर खास दालभाताचीच दुकानं आहेत. दक्षिण भारतीय खाण्यासाठी ओकाचिमाचीचं वेज हर्ब सागा आणि पूर्ण शाकाहारी उत्तर भारतीयासाठी गिंझाचं नटराज ही नावं तोक्योतले शाकाहारी लोक सर्रास सांगतात. जाण्याआधी सुट्टीचा वार पाहून घ्या.

तोक्योच्या पूर्वेला एदोगावा भागातलं निशि-कासाइ हे भारतीयांचं गाव झालं आहे. पुण्याहून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावातून स्थानिक सभेवर निवडून आले होते. तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांत तूरडाळ, पोहे, रवा, बेसन, हिंग, गव्हाचं पीठ सगळं मिळतं. अंबिकासारखी दुकानं घरपोचही पाठवतात, म्हणजे लांबच्या गावात राहणाऱ्यांचीही सोय होते. कोबेत जुनी भारतीय वस्ती आहे, १९८५ मध्ये बांधलेलं जैन मंदिरही आहे. तोक्यो मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा एखाद्या मराठी घरात ओळख झाली की पुरणपोळीचा प्रश्न परस्पर सुटतो.

खोलीत छोटी शेगडी असेल तर जवळचं सुपरमार्केटही पुष्कळ देतं. भेंडीला ओकुरा म्हणतात, ती इवल्या जाळीत मोजून आठ-दहा मिळते. गोया म्हणजे कारलं, काबोचा म्हणजे भोपळा, नासु म्हणजे वांगं, दाइकोन म्हणजे मुळा आणि सातोइमो म्हणजे अळकुड्या. ओकिनावाची कोकुतो साखर गुळाच्या जागी चालते, साधं दही "पुरेन योगुरुतो" नावाने मिळतं. ग्योमु सुपर या स्वस्त साखळीत गोठवलेले पराठे आणि मसाले असतात, काल्दी या दुकानांत डबाबंद हरभरे. जपानी तांदूळ चिकट आहे म्हणून कुरकुर चालते, पण मऊ भातासाठी आणि खिचडीसाठी तो उत्तम. पुलावासाठी मात्र भारतीय दुकानातून बासमती आणा.

गोडा मसाला सहजासहजी मिळत नाही. तो बंद पाकिटात भारतातून आणा. ताजा कढीपत्ता, आंबे किंवा मांसाचे पदार्थ मात्र बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतले जातात. कढीपत्ता भारतीय दुकानात वाळवलेला मिळतो, फोडणीत दुप्पट घालायचा. आणि फोडणी देताना पंखा सुरू ठेवा, खिडकी उघडा. जपानी घरांच्या छतावरचा धुराचा गजर मिरचीच्या खकाण्यानेही वाजू शकतो.